परिचर्येतील निर्णयक्षमता

रुग्णाच्या अवस्थेत पडलेला फरक हेरणे, त्याचा अर्थ लावणे, आपण काय करायचे आणि डॉक्टरांना केव्हा बोलवायचे हे ठरवणे, या कौशल्याला परिचर्येतील निर्णयक्षमता म्हणतात. डॉक्टर राऊंडला येऊन जातात. चोवीस तास वॉर्डात असतात त्या सिस्टर आणि ब्रदर. त्यामुळे बिघाडाची पहिली चाहूल बहुधा त्यांनाच लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये (१८५९) रुग्णनिरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी परिचारिका नियमाला धरून चालते, तज्ज्ञ परिचारिका समोरचे संपूर्ण चित्र एका नजरेत टिपते. ही नजर वर्षानुवर्षे रुग्ण पाहून तयार होते.

उदाहरणार्थ, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. सकाळी ८४ असलेली नाडी दुपारी ११२ झाली आहे, श्वास १८ वरून २६ वर गेले आहेत, लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम २० मिली. जमा झाले आहे. वरचा रक्तदाब मात्र ११६. रुग्ण म्हणतो, “सिस्टर, कसंतरीच होतंय.” रक्तदाब बरा म्हणून निश्चिंत राहणे इथे धोक्याचे असते. अंतर्गत रक्तस्राव होत असला तरी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय जोरात चालते, आणि काही काळ रक्तदाब टिकून राहतो; तो पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. जाणती परिचारिका लघवीची नळी कुठे दुमडली नाही ना ते पाहते, ड्रेसिंग आणि ड्रेन तपासते, हातपाय गार पडलेत का ते चाचपते आणि डॉक्टरांना फोन लावते. “पेशंट बरा वाटत नाही” एवढे सांगून ती थांबत नाही. सकाळचे आणि आताचे आकडे शेजारी शेजारी ठेवते.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या ‘न्यूज’ या गुणांकन पद्धतीच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार या रुग्णाला, ताप, ऑक्सिजन आणि शुद्ध ठीक असतानाही, ५ गुण मिळतील. एवढे गुण म्हणजे तातडीने तपासणी हवी. त्यांतले ३ एकट्या श्वसनाचे आहेत. तरीही सर्वाधिक हयगय होते ती याच नोंदीत. अंदाजाने १८ किंवा २० लिहून टाकण्याची सवय घातक आहे. मनगट नाडीसाठी धरल्यासारखेच ठेवून, रुग्णाच्या नकळत, पूर्ण मिनिट श्वास मोजावेत.

दिलेली ऑर्डर न पाळणे हाही कधी कधी योग्य निर्णय ठरतो. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी हृदयाचे ठोके मिनिटभर मोजतात. प्रौढात ते ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवतात. रात्री अचानक बरळू लागलेल्या वृद्धाला झोपेचे औषध मागण्याआधी त्याची साखर, ऑक्सिजन आणि लघवी तुंबली आहे का, हे पाहतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. एकीवर अख्खा वॉर्ड टाकला की श्वास मोजायलाही सवड उरत नाही. अशा ठिकाणी हुकलेल्या निर्णयाचा ठपका तिच्या एकटीवर ठेवणे अन्यायाचे आहे.