लिलावातील नाणे आणि मातीतील नाणे : ग्रीक, कार्थेजी व रोमन नाण्यांचा संग्रह आणि वऱ्हाडातील नाणेनिधी

प्रस्तावना :

बाजारात आपण वस्तूचे 'दाम' मोजतो तेव्हा नकळत एका ग्रीक नाण्याचे नाव उच्चारीत असतो. ग्रीकांचे 'द्राख्मा' संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि प्राकृताच्या वाटेने 'दाम' या रूपात मराठीत स्थिरावले. रोमन 'देनारियस'चेही तसेच 'दीनार' झाले व गुप्तकालीन लेखांत ते सुवर्णनाण्याचे नाव म्हणून आले. भूमध्य समुद्राकाठच्या नाण्यांशी असलेले आपले नाते असे शब्दांइतके जुने आहे.

आज हीच नाणी लंडन, झुरिच, न्यूयॉर्क येथील लिलावांत विकली जातात. त्यांच्या सचित्र सूची आंतरजालावर खुल्या असल्याने चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या अभ्यासकालाही सिराक्यूजचे रौप्यनाणे वा कार्थेजचे अश्वचिन्हांकित नाणे पडद्यावर न्याहाळता येते. ही सोय मोठी आहे. तथापि लिलाव नाण्याचे जे मूल्य ठरवितो आणि इतिहास जे मूल्य ठरवितो, ती दोन्ही एक नव्हेत. या दोहोंतील अंतर स्पष्ट करणे आणि वऱ्हाडच्या भूमीत सापडणाऱ्या नाण्यांच्या दृष्टीने त्या अंतराचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संग्रहाची परंपरा आणि लिलाव :

जुनी नाणी जमविण्याचा छंद प्राचीन आहे. सम्राट ऑगस्टस सणाच्या प्रसंगी जुन्या राजांची व परदेशी नाणी भेट म्हणून देत असे, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनियस नमूद करतो. कवी पेत्रार्क याने १३५४ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची नाणी अर्पण केली ती पूर्वसूरींचा आदर्श त्याच्यापुढे असावा म्हणून. पुढे राजेरजवाड्यांचे संग्रह फुटले, वारसांनी ते विकावयास काढले आणि एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांसह छापलेल्या लिलावसूचींची प्रथा युरोपात रूढ झाली.

या सूचींचे ऋण नाणकशास्त्राने मान्य केलेच पाहिजे. एकाच ठप्प्याने पाडलेली नाणी शोधून टाकसाळीचा क्रम लावणे ही या शास्त्राची एक प्रमुख पद्धती आहे. त्यासाठी शेकडो नाण्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात आणि त्यांतील पुष्कळशी केवळ लिलावसूचींतूनच उपलब्ध होतात.

परंतु सूचीतील वर्णनाचा भर कशावर असतो हे पाहिले म्हणजे तिची मर्यादा कळते. धातू, वजन, व्यास, छापाची स्वच्छता, झीज, दुर्मीळपणा आणि अंदाजित किंमत एवढी माहिती तीत काटेकोरपणे दिलेली असते. नाणे कोणत्या गावी, कोणत्या थरात, कोणत्या अन्य नाण्यांसोबत मिळाले, हे मात्र बहुधा सांगितलेले नसते. फार तर पूर्वी ते कोणाच्या संग्रहात होते एवढे कळते.

सदोष नाण्याचे मोल :

लिलावात छाप स्वच्छ असलेल्या, न झिजलेल्या नाण्याला मोठी बोली लागते. तुटके, छेद दिलेले वा दुसऱ्यांदा ठसा मारलेले नाणे सामान्यतः सदोष गणले जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र पुष्कळदा हा दोषच पुरावा असतो.

तामिळनाडूतील पुदुकोट्टई परिसरात १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा निधी मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव घातलेला आहे. संग्राहकाला ही नाणी विद्रूप वाटतील. अभ्यासकाला मात्र त्यांवरून रोमन सोने भारतात आल्यावर त्याचे काय झाले याचा विचार करता येतो. ही नाणी चलन म्हणून बाद करून केवळ धातू म्हणून वापरात ठेवली होती काय, हा प्रश्नच मुळी त्या घावांमुळे उपस्थित झाला.

कार्थेजचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिल्या प्यूनिक युद्धात पराभूत झालेल्या कार्थेजला आपल्या भाडोत्री सैनिकांचे वेतन चुकते करता आले नाही. इ. स. पूर्व २४१ मध्ये त्या सैनिकांनी व लिबियन प्रजेने बंड पुकारले. बंडखोरांनी कार्थेजचीच नाणी घेऊन त्यांवर स्वतःचे ठसे मारले व लिबियनांचे नाव ग्रीक लिपीत अंकित केले. नव्या छापाखालून डोकावणारा जुना छाप हा त्या राजकीय उलथापालथीचा धातूवरील लेखच होय.

थराची साक्ष :

नाण्याचे स्थान कळले म्हणजे केवढा प्रश्न सुटू शकतो, हे सिसिलीतील मोर्गान्तिना येथील उत्खननाने दाखविले. रोमन देनारियस प्रथम केव्हा पाडले गेले याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. प्लिनीच्या विधानावरून काहींनी इ. स. पूर्व २६९ हे वर्ष धरले, तर विसाव्या शतकात इ. स. पूर्व १८७ पर्यंत ते खाली आणले गेले. दुसऱ्या प्यूनिक युद्धात कार्थेजच्या बाजूस गेलेले मोर्गान्तिना हे नगर रोमनांनी इ. स. पूर्व २११ मध्ये उद्ध्वस्त केले. १९५५ पासून तेथे झालेल्या उत्खननात त्या विध्वंसाच्या थराखाली या नव्या चलनाची आरंभीची नाणी दबलेली आढळली. यामुळे देनारियसचा आरंभ इ. स. पूर्व २११ च्या सुमारास झाला, हे आज सामान्यतः मान्य झाले आहे.

हीच नाणी चोरट्या खोदकामातून बाहेर पडून एकेक करून विकली गेली असती, तर त्यांना भाव मिळाला असता. वाद मात्र तसाच राहिला असता.

महाराष्ट्रातील दोन निधी :

भूमध्य प्रदेशातील या अनुभवाला समांतर अशी दोन उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पहिले नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील. १९०६ मध्ये तेथे क्षत्रप नहपानाच्या १३,२५० हून अधिक रौप्यनाण्यांचा निधी सापडला आणि रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठी लेखांबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत आणि राजाचा मुखवटा ग्रीक परंपरेची आठवण देतो. सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. त्या प्रशस्तीला या नाण्यांनी भौतिक पुष्टी दिली. लिबियन बंडखोरांनी कार्थेजच्या चलनाचे जे केले, तेच गौतमीपुत्राने नहपानाच्या चलनाचे केले. येथे पुरावा एखाद्या नाण्याचा नसून प्रमाणाचा आहे. दर दहा नाण्यांमागे सुमारे सातांवर नवा ठसा आहे, हे संपूर्ण निधी एकत्र पाहिल्याखेरीज समजले नसते.

दुसरे उदाहरण वऱ्हाडातील. मंगरूळपीरजवळील तऱ्हाळा हे गाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते; १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. तेथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा निधी मिळाला. पोटीन हा तांबे, शिसे व कथील यांचा हलक्या प्रतीचा मिश्रधातू होय. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९४० मध्ये भारतीय नाणक परिषदेच्या नियतकालिकात या निधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गौतमीपुत्र सातकर्णीपासून पुळुमावी, स्कंद, यज्ञ, विजय अशा राजांची नाणी तर होतीच. शिवाय कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावेही प्रकाशात आली. सातवाहनांची सत्ता उत्तरकाळापर्यंत विदर्भात टिकून होती, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

या नाण्यांवर पूर्ण लेख क्वचितच उमटतो, कारण ठप्पा मोठा आणि नाण्याची चकती लहान असते. एका नाण्यावर नावाचा पूर्वार्ध तर दुसऱ्यावर उत्तरार्ध दिसतो. अनेक नाणी जुळवूनच राजाचे नाव सिद्ध होते. म्हणजे तऱ्हाळ्याचा निधी विखुरला असता, तर काही राजांची नावे वाचण्याचे साधनच उरले नसते. जागतिक लिलावात या काळवंडलेल्या चकत्यांना ब्रूटसच्या सुवर्णनाण्याच्या पासंगालाही कोणी धरणार नाही. विदर्भाच्या इतिहासाला मात्र त्यांनी राजे दिले आहेत.

संग्राहकांची बाजू :

यावरून खासगी संग्राहक हा इतिहासाचा शत्रूच होय, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, असे दीर्घकाळ मानले जात असे. वर्धा नदीच्या खोऱ्यात, विशेषतः पवनार परिसरात मिळालेली तांब्याची बारीक नाणी हौशी संग्राहकांनी चिकाटीने जमविली, तज्ज्ञांना दाखविली, आणि या मताचा फेरविचार करावा लागला. येथे संग्राहकाने प्राप्तिस्थानाची आठवण जपली होती, म्हणून नाणे पुरावा ठरले. त्यामुळे प्रश्न संग्रहाचा नसून नोंदीचा आहे.

नोंद खोटी असली तर काय होते, हेही अलीकडे दिसून आले. सीझरच्या वधाचे स्मारक म्हणून ब्रूटसने इ. स. पूर्व ४२ च्या सुमारास पाडलेले, दोन खंजीर व टोपी अंकित असलेले सुवर्णनाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ३२.४ लाख पौंडांना विकले गेले. त्यासोबत दिलेला पूर्वस्वामित्वाचा इतिहास बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले. जानेवारी २०२३ मध्ये लिलावगृहाच्या प्रमुखास न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी ते नाणे ग्रीसला परत करण्यात आले. तुर्कस्तानातील एल्माली येथे १९८४ मध्ये चोरट्या खोदकामातून निघालेला सुमारे १,९०० नाण्यांचा निधीही असाच परदेशी गेला होता. त्याचा मोठा भाग १९९९ मध्ये परत आला. नाणी मायदेशी परतली. ती ज्या थरात होती तो थर मात्र परतू शकला नाही.

कायदा आणि दाम :

आपल्याकडे या विषयाचे दोन प्रमुख कायदे आहेत. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अमलात आला. त्यान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. मुंबईसारख्या शहरांत होणारे नाण्यांचे लिलाव या चौकटीत चालतात.

दुसरा कायदा १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे सापडविणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. शासनास निधी हवा असल्यास त्याने हक्कदारांना वस्तूतील द्रव्याची किंमत व तिच्या एक-पंचमांश इतकी अधिक रक्कम द्यावी, असे हा कायदा सांगतो.

खरी अडचण येथेच आहे. कायदा धातूचे दाम मोजतो आणि लिलाव दुर्मीळतेचे. सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत धातूची किंमत तरी लक्षणीय असते. पोटीनच्या नाण्याची धातुरूप किंमत जवळजवळ शून्य आहे. शेत नांगरताना वा विहीर खणताना मडके हाती आलेल्या शेतकऱ्यापुढे एकीकडे पंचनामे व हेलपाटे, तर दुसरीकडे मोडीचा वा नाण्यांचा व्यापारी, असा पर्याय उभा राहतो. तो काय निवडील हे सांगावयास नको. इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने शोधकर्त्यास बाजारभावाने मोबदला देण्याची व्यवस्था केली. १९९७ पासून सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी योजनाही तेथे सुरू झाली. तीत आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. शिक्षेच्या धाकापेक्षा न्याय्य मोबदला व सुलभ नोंद अधिक परिणामकारक ठरते, हाच याचा बोध.

निष्कर्ष :

पूर्वीच्या चांदूर तालुक्यात मोडणारे वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हे केवळ रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले तीर्थ नाही. डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या १९६० नंतरच्या दशकातील उत्खननाने तेथील प्राचीन वसाहत उजेडात आणली. अशा प्रदेशात नांगराच्या फाळाला नाणे लागणे अशक्य नाही. ते नाणे सर्वप्रथम पोहोचेल ते बहुधा संग्रहालयात नव्हे, तर सराफाच्या दुकानात किंवा गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांवर एक विशेष जबाबदारी येते. गाव, शेत, दिनांक, खोली, मडक्याचे वर्णन, सोबतच्या वस्तू, नाण्यांची एकूण संख्या, वजन व दोन्ही बाजूंची छायाचित्रे एवढ्या तपशिलांची नोंदवही प्रत्येक विभागाने ठेवावी. नाणी घासून वा आम्लात बुडवून स्वच्छ करू नयेत, निधी वाटून घेऊ नये आणि जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, हे विद्यार्थ्यांमार्फत गावोगावी पोहोचवावे. त्याचबरोबर १८७८ च्या कायद्यातील मोबदल्याची तरतूद ऐतिहासिक मूल्याला धरून बदलावी, अशी मागणी अभ्यासकांनी करावी.

लिलावसूचीतून ग्रीस, कार्थेज व रोम यांची नाणी पाहण्यात आनंद आहे आणि ज्ञानही आहे. तथापि तेथील एखादे नाणे आपण न पाहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. त्याला पाहणारे जगभर आहेत. वऱ्हाडच्या शेतात निघालेल्या मडक्याची नोंद मात्र येथील माणसांनी केली नाही, तर ती दुसरा कोणी करणार नाही.