उन्हाळ्यात ताईकडे



परीक्षा संपल्या की आमच्या घरी एकच विषय असायचा, ताईकडे कधी जायचं? माझी थोरली बहीण लग्न होऊन पुण्याला गेली. नाना पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. आम्ही शिरूर तालुक्यातल्या. आई पिशवीत कुरडया, पापड, शेंगदाणे भरायची आणि आम्ही पोरं एसटीत खिडकीसाठी भांडायचो. तुमच्यातल्या कितीतरी जणींचा मे महिना असाच गेला असेल.

आपल्याला वाटतं, ही रीत आजी-पणजीपासूनची. पण तसं नाही. पूर्वी सासुरवाशीण घराबाहेर निघायची ती माहेरी, तीसुद्धा मुऱ्हाळी न्यायला आला तर. नाहीतर लग्नकार्य, बाळंतपण, जत्रा, वारी. काही कारण नसताना बहिणीच्या सासरी आठ दिवस राहायला जायचं म्हणजे दोघींना दोन घरांची परवानगी लागायची. शिवाय जायचं कशानं? पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ साली आली, पण ती आपल्या गावावरून थोडीच जात होती! गावोगाव पोचली ती एसटी. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी सुटली पुणे ते अहमदनगर, म्हणजे आमच्या शिरूरवरूनच गेली.

दुसरं म्हणजे नोकऱ्या. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना इंग्रजांच्या वेळचा, १८६९चा. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनची कंपनी उभी राहिली, मग तिच्या आसपास आणखी कारखाने आले. गावाकडची पोरं कामाला लागली, लग्नं झाली, आणि आपल्या बहिणी पुणेकर झाल्या. पोरं शाळेत जायला लागली तशी उन्हाळ्याची सुट्टीही घराघरांत आली. नोकरी, शाळा आणि एसटी, हे सगळं जुळल्यावर कुठे मे महिन्यात ताईचं घर भरायला लागलं.

पण त्याच्याही खूप आधी बहिणीच्या आधारानं पुण्यात येऊन जिचं आयुष्यच पालटलं, अशी एक बाई होऊन गेली. तिची गोष्ट सांगायलाच हवी.

कोकणात देवरुखला जोशांच्या घरी गोदूबाई आणि पार्वतीबाई या बहिणी. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं शिकायला आलेल्या पहिल्या विधवा त्याच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुण्यात लग्न केलं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. अशा घराशी संबंध ठेवायचा म्हणजे आपलंही नाव लोकांच्या तोंडी.

पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा. रीतीप्रमाणे केशवपन झालेलं. त्या बहिणीच्या पाठोपाठ पुण्याला आल्या आणि पंचविशी ओलांडल्यावर शिकायला बसल्या. बहिणीसारखा पुनर्विवाह त्यांना स्वतःसाठी नको होता. दोघींची मतं वेगळी होती, तरी नातं तुटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं यावरून बहिणी वर्षवर्ष बोलत नाहीत!

कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला होता. तो १९०० साली हिंगण्याला गेला, तेव्हा तिथं एक झोपडी आणि भोवती माळरान. रावबहादूर गोखल्यांनी सहा एकर जागा दिली होती. कर्वे शहरात शिकवायचे आणि रोज पायी हिंगण्याला जायचे. पुढे पार्वतीबाईंनी हा आश्रम सांभाळला, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. १९१२ साली त्यांनी केशवपन बंद केलं. १९१८ साली तर इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी कामं केली आणि दोन वर्षांनी परत आल्या. आज त्याच हिंगण्याला आपण कर्वेनगर म्हणतो.

आम्हाला लहानपणी यातलं काही ठाऊक नव्हतं. आमचं पुणं म्हणजे शनिवारवाडा, सारसबाग आणि पेशवे पार्कातली फुलराणी. ती झुकझुक गाडी १९५६ पासून धावते. एक दिवस पर्वतीचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं ते देऊळ दलितांना बंद होतं आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९२९ पासून तिथं सत्याग्रह झाला. त्याच पायऱ्या आम्ही मोजत पळत चढायचो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्या फिरण्यात ताई कुठेच नसायची. दाजी आम्हाला न्यायचे. ताई घरी, स्टोव्हपाशी. आम्ही चौघं, दिराची मुलं, नणंद आणि तिची दोन. पाणी सकाळी दोन तास. आम्ही परत आलो की आमरस तयार. मे संपला की ती आठ दिवस आजारी पडायची, हे मला फार उशिरा कळलं. तेही आईकडून, ताई कधी बोलली नाही.

परवा आमच्या बचत गटानं पुण्याची सहल काढली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा चौदा जणी सहज निघाल्या. भाकऱ्या, खर्डा, पिठलं बरोबर बांधून घेतलं, कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही असं ठरवूनच. ताईला फोन केला, तू बाजीराव रोडला केळकर संग्रहालयाशी ये. ती म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं झाली पुण्यात, मी ते आतून बघितलेलं नाही."

दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हे संग्रहालय उभं केलं. जुन्या वस्तू जमवताना त्यांच्या पत्नी कमलाबाईंची साथ होती. तलवारी थोड्या, घरातल्या वस्तूच जास्त. दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी. पाय घासायच्या वजऱ्यांपाशी ताई थांबली. "आईची अशीच होती, मोराची," म्हणाली, आणि तिथून हलेना. आमच्यातल्या दोघी दमून बाकावर बसल्या, तरी ही वरच्या मजल्यावर.

दुपारी सारसबागेत झाडाखाली डबे उघडले. ताईनं आमच्या डब्यातली भाकरी खाल्ली, वाढायला कुणाला उठली नाही. संध्याकाळी स्टँडवर सोडायला आली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात येणार असाल तर आधी फोन करा गं. मी घरी असेनच असं नाही."