एका ‘एच’साठी आठ वर्षं: विकिपीडियावरचं दह्याचं भांडण

इंग्रजी विकिपीडियावर दह्याचा लेख २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा ‘योगर्ट’च्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ नव्हता. २००३ मध्ये शीर्षकात तो घातला गेला आणि वादाला तोंड फुटलं. दही तेच, आंबटपणा सगळा चर्चापानावर! ‘एच’ काढा असे प्रस्ताव येत राहिले, फेटाळले जात राहिले. अखेर २०११ मध्ये तो निघाला.

एवढा वाद का? कारण विकिपीडियाने ब्रिटिश किंवा अमेरिकी, कोणतंच इंग्रजी प्रमाण मानलेलं नाही. विषय एखाद्या देशाशी घट्ट जोडलेला असेल तर त्या देशाचं स्पेलिंग वापरतात. म्हणून मुंबईच्या लेखात ‘कलर’ला ‘यू’ लागतो, न्यूयॉर्कच्या लेखात नाही. पण दही कुणा एका देशाचं नाही. अशा वेळी लेखात आधीपासून असलेलं स्पेलिंगच ठेवायचं, उगाच बदलायचं नाही, असा नियम आहे. ‘एच’ नको म्हणणारे याच नियमावर बोट ठेवत होते.

रसायनशास्त्रात मात्र आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा शब्द चालतो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम ब्रिटिश पद्धतीने लिहितात, तर सल्फरमध्ये ‘पीएच’ऐवजी अमेरिकी ‘एफ’. दोन्ही बाजू निम्म्या नाराज.

आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, त्यामुळे ‘यू’ नसलेला ‘कलर’ दिसला की हात शिवशिवतात. दुरुस्त करण्याआधी चर्चापान बघा. लेख कोणत्या इंग्रजीत आहे याची सूचना अनेकदा तिथेच असते. एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा इतरांचे बदल उलटवले, तर खातं ब्लॉक होऊ शकतं.