दमसासाच्या मापाची कुळकथा

मनुष्याच्या दमसासाची परमावधी अजमावायची, तर त्याला दम तुटेपर्यंत पळवावे आणि त्याने खर्ची घातलेल्या प्राणवायूचा हिशेब मांडावा, ही रीत ए. व्ही. हिल यांनी हार्टले लप्टन यांच्या सहकार्याने १९२३ च्या सुमारास इंग्लंडात शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. परंतु जवान धावपटूला जे मानवते तेच वृद्धाला किंवा हृद्रोग्याला जिवावर बेतू शकते, आणि वैद्याला तर बहुधा अशांच्याच शक्तीचा अंदाज हवा असतो.

या पेचातून वाट काढली ती स्वीडनमधील संशोधकांनी. धातू गाळण्याच्या कारखान्यातील कामगारांची तपासणी करताना टोर्ग्नी शोस्ट्रांड यांनी १९४७ साली त्यांना एका जागी स्थिर असलेल्या सायकलीवर बसवून श्रम आणि नाडी यांचा मेळ पाहिला, आणि नाडी मिनिटाला १७० वर पोचेल तेव्हा किती काम होते, हे कार्यक्षमतेचे माप त्यातूनच रूढ झाले. पुढे १९५४ साली स्टॉकहोमच्या व्यायामविद्येच्या मध्यवर्ती संस्थेतील पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा र्‍युमिंग यांनी जो तक्ता सिद्ध केला, त्याची योजकता मला विलक्षण वाटते. श्रम वाढले की प्राणवायूचा खर्च आणि नाडीची गती ही दोन्ही जवळजवळ एकाच प्रमाणात चढत जातात. कमाल क्षमतेच्या निम्म्यावर तरुण पुरुषाची नाडी सरासरी १२८, तर स्त्रीची १३८ असते, असे त्यांना आढळले होते. तेव्हा सुमारे सहा मिनिटे एकसारखे मध्यम श्रम करवावेत, १२० ते १७० च्या दरम्यान स्थिरावलेली नाडी मोजावी, तक्त्यावरील नाडीचा आकडा आणि श्रमाचा आकडा सरळ रेषेने जोडावा, की ती रेषा मधल्या मापपट्टीला जिथे छेदते तिथे कमाल क्षमता वाचता येते. माणसाला त्या कमालीपर्यंत रेटण्याची गरजच उरत नाही.

मात्र हा तक्ता तरुणांवरून बेतलेला होता. वयाबरोबर हृदयाची कमाल गती उतरते, म्हणून १५० ची नाडी विशीत जेवढी सुखाची तेवढी साठीत नसते, आणि दुरुस्तीवाचून वाचलेला आकडा ज्येष्ठांना नसलेली शक्ती बहाल करतो. ही उणीव इर्मा यांनीच, आता ऑस्ट्रांड या नावाने, १९६० साली भरून काढली: पस्तिशीत आकड्याला ०.८७ ने, तर पासष्टीत ०.६५ ने गुणावे. एवढे करूनही दहा-पंधरा टक्क्यांची चूक संभवते, आणि म्हणूनच दोन व्यक्तींची तुलना करण्यापेक्षा एकाच व्यक्तीची प्रगती काही महिन्यांच्या अंतराने पडताळण्याकडे या कसोटीचा उपयोग अधिक भरवशाचा ठरतो.