ऑस्बॉर्नच्या वाड्यातील उर्दूचा पाठ

इंग्लंडच्या दक्षिणेस आईल ऑफ वाईट नावाचे बेट आहे. ऑस्बॉर्न हाऊस हा राणी व्हिक्टोरियाचा खासगी वाडा तिथेच आहे. तिचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि बांधकामतज्ज्ञ थॉमस क्यूबिट यांनी १८४५ ते १८५१ या काळात तो इटालियन धाटणीत उभारला. समोरचा समुद्र पाहून अल्बर्टना नेपल्स आठवे. वाड्याची बाग टप्प्याटप्प्याने त्या समुद्राकडे उतरत जाते. १९०२ साली सातव्या एडवर्डने हा वाडा राष्ट्राला दिला. आज तिकीट काढून कोणालाही तो पाहता येतो.

वाड्यातील दरबार हॉल १८९०-९१ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेतील भाई रामसिंग यांच्या आराखड्याप्रमाणे सजला. त्याच्या छतावरची पांढरी नक्षी दगडाची नाही, ती प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याची आहे. तिथे जाणाऱ्या मार्गिकेत हिंदी माणसांची चित्रे लावली आहेत. त्यांत आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांची नजर खिळवणारे एक चित्र आहे: मुन्शी अब्दुल करीम यांचे.

आग्र्याच्या तुरुंगात कारकुनी करणारा हा तरुण १८८७ साली राणीच्या पंगतीला वाढण्यासाठी आला. काही आठवड्यांतच राणी त्याच्याकडून हिंदुस्थानी शब्द शिकू लागली. १८८८ मध्ये तो ‘मुन्शी’ झाला. अडुसष्ट वर्षांची शागीर्द पुढे तेरा वर्षे उर्दू गिरवत राहिली. तिच्या वह्या आजही शाही दफ्तरखान्यात आहेत.

परंतु आपण यात फार हुरळून जाऊ नये. उर्दूचे शायर बहादूरशाह जफर यांना याच ब्रिटिश सत्तेने १८५८ मध्ये रंगूनला धाडले होते. राणी उर्दू शिकली म्हणून राज्याची रीत बदलली नाही. दरबारी मंडळींनी तर मुन्शींचा कायम द्वेषच केला.

२२ जानेवारी १९०१ रोजी राणीने ऑस्बॉर्नलाच प्राण सोडला. त्यानंतर लवकरच नव्या राजाच्या हुकुमाने मुन्शींकडची तिची पत्रे जाळली गेली आणि त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. १९०९ मध्ये ते आग्र्यात वारले.

पत्रे जळाली, पण वह्या राहिल्या. उस्तादाची किंमत दरबार ठरवत नाही. शागीर्दाने गिरवलेल्या अक्षरांत ती उतरलेली असते. आपल्या शाळांतील जुन्या वह्या आणि दफ्तरे आपण रद्दीत घालतो, तेव्हा आपला इतिहासही आपण आपल्याच हातांनी जाळत असतो.