ताक, आमसूल आणि मातीतले औषध

पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्या घरांत पोट बिघडले की प्रथम आठवण होई ती ओवा, हिंग, ताक व आमसुलाची. मांसाच्या जेवणावर ताक वर्ज्य, तेव्हा नारळाच्या दुधातील सोलकढी पुढे येई. हे ज्ञान अनुभवाचे होते. त्याची कसोटी लागली नव्हती.

ती कसोटी पुढे अन्यत्र सुरू झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ, ज्यांचे मातृकुल ज्यू होते, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. त्यातील जंतू आतड्यातील अपायकारक जंतूंस आवर घालतात, असे त्यांचे मत होते. १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले, परंतु ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल, दह्याबद्दल नव्हे.

१९२० च्या दशकात आंरी बूलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचीनमध्ये पाहिले की पटकीच्या साथीत लोक लिची व मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात. त्या फळांवरून त्यांनी एक यीस्ट वेगळे केले. ते आज काही प्रकारच्या जुलाबांवर दिले जाते; अतिशय अशक्त रुग्णांस मात्र ते बाधू शकते. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातील झाड होय.

सर्वच यीस्ट मात्र उपकारक नसते. कॅन्डिडा हे यीस्ट पुष्कळ निरोगी माणसांच्या आतड्यात निमूट राहते. प्रतिजैविकांचा मारा झाला वा प्रतिकारशक्ती ढासळली की माजते. त्यावर १९५० साली एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राऊन या दोन अमेरिकन स्त्रियांनी औषध शोधले. ते व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले आणि न्यूयॉर्क राज्यावरून त्यास 'निस्टॅटिन' हे नाव पडले. त्याचे मानधन दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनास दिले.

सारांश, मातीतून, फळातून, दुधातून औषध निघते हे खरे. पण पारखल्यावाचून ते औषध ठरत नाही. ओव्यातील थायमॉल प्रयोगशाळेत यीस्टची वाढ रोखते; म्हणून चिमूटभर ओव्याने आतड्याचा दाह बरा होतो, असे सिद्ध होत नाही. आजीची सोलकढी आपण अवश्य राखावी. परंतु शौचावाटे रक्त, ताप, घटते वजन वा न थांबणारे जुलाब दिसताच काढ्यात दिवस न दवडता कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे जावे, हेच आमचे नम्र सांगणे.