तारापूरचं रेडिएशन आणि ओट्यावरचं

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ सालचं. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत ओट्यावर मावणारा घरगुती मायक्रोवेव्ह आला. मूळ शोध १९४५ चा, रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरचा. शब्द दोन्हीकडे एकच, 'रेडिएशन'. घोळ इथेच होतो! अणुभट्टीतलं रेडिएशन अणूतले इलेक्ट्रॉन उडवतं; मायक्रोवेव्ह नुसतं अन्न तापवतात, ते किरणोत्सारी होत नाही. दार उघडलं की लहरी बंद. दारच नीट लागत नसेल तर मात्र ओव्हन वापरू नका.

खरी भीती भाजण्याची. कन्व्हेक्शन म्हणजे हीटर आणि पंखा, साधी भट्टीच. तिथे धातूचं भांडं चालतं, प्लॅस्टिक वितळतं. मायक्रोवेव्हवर उलट, स्टीलच्या डब्यातून ठिणग्या उडू शकतात. तेव्हा बटण दाबण्याआधी मोड बघा.